रॅटच्या मणक्याला धक्का द्यायच्या आधी तो मोजायला शिका: स्पायनल मॅनिप्युलेशनच्या लॅबकामाचं सविस्तर गाईड

आपल्या कोल्हापुरात उसण भरली की अजूनही पायाळू माणूस शोधतात, त्याचा पाय कंबरेला लावला की उसण निघते म्हणे. तालमीत पोराला पालथं झोपवून पाठीवर तळवे ठेवून कट्ट आवाज काढणारेही असतात. फिजिओवाले असंच काम शिकून-सवरून करतात, त्याला स्पायनल मॅनिप्युलेशन म्हणतात, आणि तिकडं अमेरिकेत डी. डी. पामर यांनी १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टला यावरच कायरोप्रॅक्टिक नावाचा पंथ काढला. पेशंटला बरं वाटतं, ते खोटं नाही. पण का वाटतं? मज्जातंतूत काय होतं, स्नायूत काय होतं, की नुसता कुणीतरी हात लावल्याचा परिणाम? माणसाच्या मणक्यात इलेक्ट्रोड घालून हे बघता येत नाही, म्हणून हा प्रश्न प्राण्यांच्या लॅबमध्ये जातो.

फिजिओची एमपीटी करणारी आणि फार्मसीत एमफार्म, पीएचडी करणारी पोरं याबद्दल विचारत असतात, म्हणून सगळं एकदा लिहून टाकतो. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: या विषयात धक्का देणं सगळ्यात सोपं आहे. अवघड आहे ते धक्का किती दिला हे आकड्यात सांगणं आणि धक्का सोडून बाकी सगळं सारखं असलेला शॅम म्हणजे खोट्या उपचाराचा ग्रुप उभा करणं. ही दोन कामं जमली नाहीत तर तुम्ही रॅटला नुसतं कुरवाळलंय एवढंच सिद्ध होतं.

आधी प्रश्न ठरवा, प्राणी नंतर

बहुतेक जण उलटं करतात, कॉलेजच्या अॅनिमल हाउसमध्ये रॅट आहेत म्हणून रॅटवर काम. तसं करू नका. आजवर झालेल्या कामाचे ढोबळ प्रवाह बघा आणि आपला प्रश्न कशात बसतो ते ठरवा.

पहिला प्रवाह नसांचं रेकॉर्डिंग. पामर यांच्या नावाच्या कायरोप्रॅक्टिक कॉलेजमध्ये जोएल पिकर आणि नंतर विल्यम रीड यांनी भूल दिलेल्या मांजरावर एल-६ म्हणजे कमरेच्या सहाव्या मणक्याला मोटरनं मोजून धक्का दिला आणि पाठीच्या स्नायूंतल्या मसल स्पिंडल म्हणजे ताण ओळखणाऱ्या सेन्सरकडून येणारे सिग्नल थेट डॉर्सल रूटमधून म्हणजे मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी नसेच्या मुळीतून पकडले. दुसरा प्रवाह ऑटोनॉमिक, म्हणजे आपोआप चालणाऱ्या नसांचा: अकिओ सातो आणि रँड स्वेन्सन यांनी १९८४ साली रॅटच्या पाठीच्या कण्यावर यांत्रिक ताण देऊन ब्लड प्रेशर, हृदयाची गती आणि किडनी-अॅड्रिनलकडं जाणाऱ्या सिम्पथेटिक नसांमधले सिग्नल मोजले. तिसरा वेदनेचा, म्हणजे रॅटमध्ये दुखणं तयार करायचं, मॅनिप्युलेशन द्यायचं आणि पंजा किती लवकर मागं घेतो ते बघायचं. चौथा निव्वळ बायोमेकॅनिक्स, त्यात मेंढ्या आणि डुकरं वापरतात कारण मणका आकारानं माणसाच्या जवळ जातो. क्रिस्टोफर कोलोका आणि टोनी केलर यांचं मेंढ्यांवर, ग्रेग कावचुक यांचं कॅनडात डुकरांवर काम आहे. पाचवा उलटा विचार: मणका हललाच नाही तर काय होतं? चार्ल्स हेंडरसन आणि ग्रेगरी क्रेमर यांनी रॅटचे एल-४, एल-५, एल-६ बाहेरून जोडून आठवडेच्या आठवडे जखडून ठेवले आणि फॅसेट जॉइंट म्हणजे मणक्यांमधले मागचे छोटे सांधे कसे खराब होतात ते बघितलं.

कोल्हापुरातल्या साध्या लॅबला यातला तिसरा आणि पाचवा प्रवाह झेपतो. मांजर, मेंढी, डुक्कर यांचा विचार पहिल्या प्रोजेक्टला करू नका, परवानगी, जागा, सर्जरी सगळंच अंगावर येतं.

परवानगी

हे टाळून काहीही सुरू करायचं नाही, अगदी 'दोनच रॅट ट्रायलला घेतो' असं पण नाही. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० चा आणि प्रयोगांबाबतचे नियम १९९८ चे. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती, आधी जिला सीपीसीएसईए म्हणायचे, तीच आता सीसीएसईए. तुमची संस्था तिथं रजिस्टर हवी, संस्थेची आयएईसी म्हणजे एथिक्स कमिटी हवी, तिच्यात पशुवैद्य, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि विज्ञानाबाहेरचा एक माणूस पण असतो, आणि फॉर्म बी म्हणजे प्रयोगाचा अर्ज भरून तिच्यापुढं जायचं. मोठ्या प्राण्यांचा अर्ज पुढं सीसीएसईएकडं जातो.

फॉर्म बी मध्ये तीन ठिकाणी पोरं अडकतात: हाच प्राणी का, एवढेच का, आणि प्राण्याशिवाय का जमत नाही. ही काही सरकारी खोडी नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली थ्री आर्सची चौकट आहे ती: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. 'मणक्याला धक्का दिल्यावर पाठीच्या कण्यातल्या पेशी काय करतात हे कल्चर प्लेटमध्ये कळत नाही कारण तिथं सांधाच नाही' असं सरळ लिहा, चालतं.

धक्क्याचा डोस

इथं जरा थांबतो, कारण खरं काम इथंच आहे.

औषधाचा डोस आपण मिलिग्रॅम पर किलो लिहितो. मॅनिप्युलेशनच्या डोसमध्ये निदान सहा गोष्टी लागतात: आधीचा दाब म्हणजे प्रीलोड, जास्तीत जास्त बल, तिथवर पोचायला लागलेला वेळ, दिशा, मणक्यावरची नेमकी जागा आणि टेकलेल्या टोकाचा आकार. यातली एकही सुटली तर दुसऱ्या लॅबला तुमचा प्रयोग परत करता येणार नाही.

माणसांमध्ये कॅलगरीच्या वॉल्टर हर्झोग यांच्या मोजमापांत मानेवरचा धक्का साधारण १०० न्यूटन आणि पाठीवरचा ४०० न्यूटनच्या आसपास निघतो, आणि सगळा खेळ २०० मिलिसेकंदांच्या आत संपतो. हे आकडे रॅटला लावले तर रॅट संपला. म्हणून वजनाच्या प्रमाणात घेतात, पिकर-रीड यांच्या मांजरांवरच्या कामात शरीराच्या वजनाच्या २५, ५५, ८५ टक्के असे धक्के वापरलेत. आता ३०० ग्रॅमचा रॅट घ्या. त्याचं वजन बलात झालं २.९४ न्यूटन, त्याचे ८५ टक्के म्हणजे २.५ न्यूटन, ५५ टक्के म्हणजे १.६ न्यूटन. हाताच्या अंगठ्यानं एवढं बारीक बल दर वेळी सारखं देणं कुणाच्या बापाला जमत नाही, म्हणून मशीन लागतं.

वेळ का महत्त्वाचा? मांजरांवरच्या त्या कामात दिसलं की धक्क्याचा कालावधी कमी करत १०० मिलिसेकंदांच्या जवळ आणला की मसल स्पिंडलचे सिग्नल एकदम वाढतात, हळू दाबलं तर तसं होत नाही. म्हणजे तेवढंच बल पण वेगळा वेग, परिणाम वेगळा. आता रॅटच्या अनेक अभ्यासांत अॅक्टिव्हेटर नावाचं स्प्रिंगचं हातातलं यंत्र वापरतात, त्याचा ठोका १० मिलिसेकंदांच्याही आत संपतो. त्याला आणि फिजिओच्या हातच्या मॅनिप्युलेशनला एकाच नावानं लिहायचं का, यावर मला तरी शंका आहे. वापरा, पण 'यंत्राचा ठोका' असंच लिहा.

रिग कशी बनवायची

परदेशी रेडिमेड सिस्टम घ्यायची तर ग्रँट संपते. आपल्याकडं शिवाजी उद्यमनगर आहे ना भावा! ड्रॉइंग नीट दिलं तर तिथल्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेसची फ्रेम, खालीवर सरकणारी स्लाइड, रॅटला पालथं ठेवायची पाटी आणि टोकाला बसणारी छोटी टिप व्यवस्थित करून मिळते. टिपला पातळ रबर लावा आणि ती एका स्पायनस प्रोसेसपुरतीच (पाठीवर हाताला लागणारं मणक्याचं टोक) रुंद ठेवा, नाहीतर शेजारचे दोन मणके पण दाबले जातात.

धक्का द्यायला व्हॉइस कॉइल मोटर सगळ्यात बरी, कारण तिला बलाचा आणि वेळेचा आलेख देता येतो. बजेट नसेल तर न्यूमॅटिक सिलिंडर चालेल पण दर ठोक्याला फरक पडतो, तो मोजून लिहावा लागेल. टिप आणि मोटर यांच्या मधे लोड सेल, म्हणजे बल मोजणारा सेन्सर.

आता इथं एक खड्डा आहे. लोड सेलबरोबर सगळेजण एचएक्स७११ नावाचं स्वस्तातलं बोर्ड घेतात, ऑनलाइन लगेच मिळतं. ते सेकंदाला १० किंवा फार तर ८० रीडिंग देतं. ८० धरलं तरी १०० मिलिसेकंदांच्या धक्क्यात ८ ठिपके, त्यात टोक कुठं होतं ते कळणार कसं? वजनकाट्याला ते बोर्ड झकास, धक्क्याला नाही. चांगला अॅम्प्लिफायर आणि सेकंदाला निदान १००० रीडिंग घेणारं डेटा अॅक्विझिशन कार्ड घ्या, स्प्रिंगच्या यंत्राचा ठोका मोजायचा असेल तर १०,००० च्या आसपास. कॅलिब्रेशन साध्या वजनांनी होतं, १०० ग्रॅम म्हणजे ०.९८ न्यूटन, पाच-सहा वजनं चढवत आणि उतरवत लावा, रेषा सरळ येते का बघा, आणि हे प्रयोगाच्या प्रत्येक दिवशी करा.

जिवंत प्राण्याआधी मटण मार्केट

हे ऐकून पोरं हसतात. पण तांबडा-पांढऱ्याच्या गावात बकऱ्याचा कमरेचा मणका मिळवणं काय अवघड? न तोडता अख्खा तुकडा मागून घ्या, स्नायू ठेवूनच. त्यावर टिप कशी टेकते, दिशा बदलली की मणका कसा फिरतो, हाडात पिन घालून अॅक्सेलरोमीटर बसवला तर किती हलतो, सगळं शिकता येतं आणि एकाही प्राण्याचा जीव आपल्या प्रयोगासाठी जात नाही. नंतर दुसऱ्या मंजूर प्रयोगातल्या मेलेल्या रॅटवर कमिटीला सांगून सराव करा.

रॅटला कमरेचे मणके ६ असतात, माणसाला ५, मांजराला ७. हे विसरून माणसाच्या नकाशावर रॅटचा एल-५ शोधू नका. शेवटची म्हणजे १३ वी बरगडी चाचपून वरून मोजत या, खालून कंबरेच्या हाडाच्या कडा एल-५, एल-६ च्या आसपास लागतात, दोन्ही मोजणी जुळली पाहिजे. केस काढून कातडीवर शाईची खूण करा आणि प्रयोग संपल्यावर शवविच्छेदनात खूण खरंच त्याच मणक्यावर होती का ते तपासा. किती प्राण्यांत चुकली तो आकडा पण थिसिसमध्ये टाका.

दुखणं तयार करायचं मॉडेल

निरोगी रॅटला मॅनिप्युलेशन देऊन फारसं काही दिसणार नाही. मॉडेल प्रश्नाला धरून निवडा. फॅसेट जॉइंटची सूज हवी तर सांध्यात सीएफए नावाचं सूज आणणारं इंजेक्शन. स्नायूचं पाठदुखणं हवं तर पाठीच्या स्नायूत नर्व्ह ग्रोथ फॅक्टरची ५ दिवसांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं. नस दाबल्यासारखं हवं तर बेनेट आणि झी यांचं १९८८ चं सायाटिक म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या नसेवर सैल टाके बांधायचं मॉडेल, पण तिथं पाठीच्या मणक्याचा संबंध लांबचा होतो हे लक्षात ठेवा. २००६ मध्ये सोंग आणि सहकाऱ्यांनी नस मणक्यातून बाहेर पडते त्या छिद्रात सूज आणून अॅक्टिव्हेटरनं एल-४ ते एल-६ वर ठोके दिले आणि उष्णतेची आणि स्पर्शाची अतिसंवेदना कमी झाल्याचं दाखवलं. सुरुवात करणाऱ्यानं तो पेपर आधी वाचावा.

शॅम आणि भूल

ग्रुप असे ठेवा: काहीच न केलेला, फक्त मॉडेल, मॉडेल अधिक शॅम, मॉडेल अधिक खरा धक्का. जमलं तर अजून एक, मॉडेल अधिक भलत्याच मणक्यावर धक्का. शॅम म्हणजे रॅटला पिंजऱ्यात बसवून ठेवणं नव्हे! तीच भूल, तेवढाच वेळ, तीच पाटी, तीच टिप त्याच जागी टेकवलेली, प्रीलोड पण तोच, मशीनचा आवाज पण तोच, फक्त धक्का नाही. लोड सेलचा आलेख शॅमचा पण साठवा, तिथं सपाट रेषा आहे हे दाखवता आलं पाहिजे.

जाग्या रॅटला धक्का दिला तर घाबरण्यानंच वेदना दबते आणि तुम्हाला वाटतं मॅनिप्युलेशननं दबली. भूल दिली तर रिफ्लेक्स मंदावतात. दोन्हीत खोट आहे, पण वर्तनाच्या अभ्यासात मी हलकी आयसोफ्लुरेन भूल निवडेन, सुरुवातीला ४ ते ५ टक्के आणि मग १.५ ते २ वर, आणि सगळ्या ग्रुपला सारखी, आणि पूर्ण जाग आल्यावर बराच वेळ जाऊ देऊन मगच टेस्ट. केटामिन-झायलाझिन बऱ्याच ठिकाणी चालतं पण केटामिन शेड्यूल एक्स म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीतलं आहे, कुलपात ठेवा, रजिस्टर ठेवा, डोस पशुवैद्याकडूनच ठरवून घ्या. भूल असताना गरम पॅड लावून शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवा. वीज गेली की पॅड थंड पडतो, यूपीएसवर घ्या.

अजून एक, वाचून गंमत वाटेल. २०१४ मध्ये जेफ्री मोगिल यांच्या लॅबनं दाखवलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासानं रॅट आणि माइसना ताण येतो आणि त्यांची वेदना दबते, पुरुषानं घातलेला टी-शर्ट ठेवला तरी! त्यामुळं सोमवारी मित्र आणि बुधवारी मैत्रीण असं टेस्टिंग करायचं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस.

मोजमाप: वॉन फ्रे आणि कोल्हापूरचा पाऊस

जाळीच्या टेबलावर रॅट ठेवा, अर्धा तास शांत होऊ द्या, मग खालून नायलॉनचा तंतू (यालाच वॉन फ्रे तंतू म्हणतात) पंजाच्या तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबा आणि ६ ते ८ सेकंद धरा. पंजा झटकला, चाटला तर प्रतिसाद आला. चॅपलन यांची १९९४ ची वरखाली पद्धत वापरा, २ ग्रॅमच्या तंतूपासून सुरुवात, प्रतिसाद आला तर हलका तंतू, नाही आला तर जड, १५ ग्रॅमला थांबायचं. रॅट चालताना पंजा उचलतो तो प्रतिसाद धरू नका.

आता आपल्याकडची खरी अडचण: हे तंतू नायलॉनचे, आणि नायलॉन हवेतली ओल शोषतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर दिवसभर झड लागलेली असताना तंतू मऊ पडतो आणि २ ग्रॅमचा तंतू २ ग्रॅमला वाकेलच असं नाही. डिह्युमिडिफायर लावा, आर्द्रता रोज लिहा, आणि टेस्टच्या आधी प्रत्येक तंतू डिजिटल काट्यावर दाबून खरा आकडा बघा, दोन मिनिटांचं काम आहे. अर्धे रॅट मे मध्ये आणि अर्धे जुलैमध्ये असं तर अजिबात नको. प्रत्येक बॅचमध्ये सगळे ग्रुप असू द्या, म्हणजे पावसाचा परिणाम सगळ्यांवर सारखा वाटला जातो. आणि पंचगंगेला पूर आला की ये-जा बंद पडते, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा लांब चालणारे प्रयोग दिवाळीनंतर सुरू केलेले बरे.

उष्णतेसाठी हरग्रीव्ह्ज टेस्ट आहे, काचेखालून उष्ण किरण, पंजा उचलायला लागलेले सेकंद. निरोगी रॅटला १० ते १२ सेकंद लागतील अशी तीव्रता ठेवा आणि २० ला बंद, नाहीतर पंजा भाजतो. चेहऱ्यावरून वेदना ओळखायचा रॅट ग्रिमेस स्केल पण जोडीला घ्या, फक्त कॅमेरा लागतो.

नसांचं रेकॉर्डिंग, थोडक्यात

हे ज्यांच्याकडं इलेक्ट्रोफिजिओलॉजीची सोय आहे त्यांच्यासाठीच. खोल भूल, प्राणी परत जागा होत नाही. वरच्या मणक्याची लॅमिना म्हणजे मागची कमान काढून डॉर्सल रूट उघडं करायचं, मिनरल ऑइलच्या डबक्यात ठेवायचं, बारीक धागे सोडवत एकाच नसेचा सिग्नल मिळेपर्यंत इलेक्ट्रोडवर टाकायचे. तो सिग्नल स्पिंडलचाच आहे हे सिद्ध करावं लागतं, स्नायू ताणला की वाढतो आणि स्नायू आकसला की गप्प होतो. मग धक्क्याआधीचे सेकंद-दोन सेकंद बेसलाइन, आणि धक्क्यादरम्यानची वाढ. हातानं एवढं बारीक काम शिकायला महिने जातात, ज्यांना येतं त्यांच्या लॅबमध्ये जाऊन बसा, व्हिडिओ बघून येत नाही.

टिश्यू

मारण्याआधीच ठरवा की टिश्यू कशाला हवाय. सी-फॉस म्हणजे चेतापेशी चेतल्यावर तयार होणारं प्रोटीन रंगवायचं असेल तर धक्क्यानंतर साधारण दीड ते दोन तासांनी, कारण प्रोटीन तेव्हा भरात असतं, आणि ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडनं परफ्यूजन, म्हणजे ते रक्तवाहिन्यांतून सोडून टिश्यू पक्का करणं. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन ही सूजेची प्रोटीनं एलायझा टेस्टनं मोजायची असतील तर ताजा टिश्यू लगेच गोठवून उणे ८० मध्ये. एकाच प्राण्यात दोन्ही बसत नाही, तेव्हा प्राण्यांची संख्या ठरवतानाच हे धरा. फॅसेट जॉइंट बघायचा तर ईडीटीएमध्ये हाडातलं कॅल्शियम काढायला आठवडे लागतात, घाईत आम्लात टाकलं तर कूर्चेच्या स्टेनिंगची वाट लागते.

किती रॅट, आणि कुणाला काय माहीत

'सहा-सहा घेतात सगळे' हे कारण कमिटीपुढं चालत नाही. दोन ग्रुपची साधी तुलना, ५ टक्के अल्फा (नसलेला परिणाम दिसायची शक्यता), ८० टक्के पॉवर (असलेला परिणाम पकडायची शक्यता) धरली तर इफेक्ट साइज (ग्रुपमधला फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन) १ ला प्रत्येकी १७ लागतात आणि ०.८ ला प्रत्येकी २६. सहामध्ये फक्त फारच मोठा परिणाम दिसतो, आणि मॅनिप्युलेशनचा परिणाम तेवढा मोठा असेल असं आधीच धरून चालणं मला तरी धाडसाचं वाटतं. एका रॅटचे दोन पंजे आणि तीन-तीन रीडिंग म्हणजे सहा रॅट होत नाहीत, रॅट एकच.

रँडमायझेशन कॉम्प्युटरनं. धक्का देणारा वेगळा, वॉन फ्रे करणारा वेगळा, आणि टेस्ट करणाऱ्याला ग्रुप माहीत नको. छोट्या लॅबमध्ये माणसं कमी असतात, तेव्हा शेजारच्या डिपार्टमेंटमधला कुणीतरी चहा पाजून तयार करा. वजन २० टक्के घटलं, खाणं बंद केलं की तो प्राणी प्रयोगातून बाहेर काढून वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आधीच लिहून ठेवा, तेव्हा बघू म्हणून चालत नाही.

निकाल काहीही येवो, 'मॅनिप्युलेशननं सायटिका बरा होतो हे सिद्ध' असं क्लिनिकच्या बोर्डावर लावू नका. रॅट चार पायांवर चालतो, त्याच्या मणक्यावर भार वेगळा पडतो, आणि फिजिओच्या बोलण्यानं येणारा धीर त्याला मिळत नाही. शेवटचं कलम तर उलट फायद्याचंच आहे, धक्क्याचा निव्वळ परिणाम बघायला तेच तर हवं होतं.

लिहिताना प्राण्यांवरच्या प्रयोगांचे पेपर लिहायची अराइव्ह २.० ची चेकलिस्ट समोर ठेवा, आणि प्रत्येक रॅटचा बल-वेळ आलेख कच्च्या स्वरूपात जपा, फसलेल्या धक्क्यांचा पण, फाइलच्या नावात प्राण्याचा नंबर, तारीख, मणका आणि त्या दिवशीचं कॅलिब्रेशन. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतो, आणि पेन ड्राइव्हवर एकच कॉपी ठेवणाऱ्याचं पुढं काय होतं ते सांगायला नको.